घोडीच्या पोटाखालचा पट्टा

गिऱ्हाईक वस्तू टेबलावर ठेवतं आणि पहिलं वाक्य बोलतं, ते मी कधीच खरं धरत नाही. "मावशी, एकदाच वापरलीये." "पाण्यात गेलीच नाही कधी." "नुसती कपाटात होती." मी मान हलवते आणि वस्तू नाकाशी नेते. भिजलेल्या चामड्याला एक वास असतो, चुलीपाशी वाळवलेल्याला दुसरा, आणि उंदरानं बिऱ्हाड केलेल्या बॅगेचा तर मी डोळे मिटून सांगेन. माणसं डॉक्टरपुढं आणि माझ्यापुढं सारखंच बोलतात. दोष आपल्याकडं येऊ नये एवढीच काळजी.

भोरच्या एस.टी. स्टँडमागच्या गल्लीत आमचं दुकान आहे. सासऱ्यांनी टाकलेलं. ते खोगिरं, विहिरीच्या मोटा, वहाणा करायचे. माझ्या नवऱ्याला कातड्याच्या वासानं डोकं चढायचं, त्यांनी टेम्पो घेतला. सासऱ्यांचा डबा घेऊन मी दुकानात जायची. डबा रिकामा होईपर्यंत बसून काय करायचं म्हणून दोऱ्याला मेण लावून द्यायची. पुढं रापीनं कातडं तासायला लागले, पुढं भोकं पाडायची आरी हातात आली. सासरे गेले तेव्हा दुकान बंद करायचं की मी बसायचं, एवढाच प्रश्न होता. मी बसले. आता साठी उलटली. मोटा गेल्या, खोगिरं एखाददुसरं उरलं. त्यांच्या जागी जर्किनं, ऑफिसच्या बॅगा, कॅमेऱ्याच्या पेट्या आणि राजगड चढून आलेले बूट आले.

या अंकवाल्यांनी माझ्याकडं 'चामड्याची निगा कशी राखावी' असा लेख मागितलाय. ते थोडक्यात सांगून टाकते, कारण त्यात लेखभर सांगण्यासारखं काही नाही. चामडं ही कातडी आहे. तिला दम घेता आला पाहिजे आणि थोडं तेल मिळालं पाहिजे. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलंत तर आमच्याकडच्या पावसात पंधरवड्यात बुरशी धरेल, वेल्ह्याकडं त्याच्याही आधी. जुन्या सुती कापडात गुंडाळा. भिजलं तर उन्हात किंवा चुलीपाशी नेऊ नका. राजगडाच्या पायथ्याला पालीत मुक्काम करणारी पोरं हमखास हेच करतात, चुलीभोवती बूट मांडतात आणि परत जाताना सुटलेला तळ हातात घेऊन माझ्याकडं येतात. आत वर्तमानपत्र कोंबा, सावलीत ठेवा. एरंडेल द्या, पण बोटाला लागेल इतकंच. खोबरेल देऊ नका, उंदरांना आमंत्रण होतं. आणि घामाला भ्या. घामातलं मीठ आधी दोरा खातं, मग कातडं. वस्तू धडधाकट दिसते आणि शिवण आतून मेलेली असते. म्हणून माझी नजर आधी शिवणीवर जाते.

संशयानं माझी फजितीही झाली आहे. कचेरीतले एक कारकून चामड्याची चांगली बॅग घेऊन आले. आतून तळाशी काळपट डाग, आणि वास असा की मी बॅग टेबलाच्या कडेला सरकवली. म्हटलं, "हे कसलं आहे?" ते म्हणाले, "शाई सांडली." शाईला असा वास येत नाही. मी दोन दिवस त्या बॅगेला हात लावला नाही, पेपरात खुनाबिनाची बातमी आहे का ते मात्र रोज पाहिलं. तिसऱ्या दिवशी ते आले, इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, "मावशी, घरात मंडळींनी माळ घातलीय. मटण बहिणीकडं खातो. ते तिच्याकडं न्यायला दुसरं काही नसतं हो हाताशी." त्यांना मी व्हिनेगरच्या पाण्यात पिळलेलं फडकं आणि डब्याला घट्ट झाकण, असे दोन उपाय सांगितले.

ते हसण्यावारी गेलं. पण बाबूभाईंच्या घोडीचं गेलं नाही, आणि मला सांगायचंय ते तेच आहे.

बाबूभाई शिवऱ्याचे. हायवेला लागून घर, मागं गोठा, गोठ्यात चांदणी नावाची पांढरी घोडी. लग्नात नवरदेव घोडीवर बसून वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला जातो, त्यासाठी ते घोडी नेत. भोरपासून खेड-शिवापूरपर्यंत त्यांचं नाव होतं. घोडी शांत आणि माणूस गोड बोलणारा. दरवर्षी तुळशीच्या लग्नाआधी ते सगळा साज पोत्यात घालून माझ्याकडं आणायचे. मी घामाचं मीठ पुसून काढायची, तेल द्यायची, सैल टाके नव्यानं घालायची. त्या वर्षी खोगिराचा तंग मी नवा करून दिला होता. तंग म्हणजे घोड्याच्या पोटाखालून आवळायचा पट्टा. खोगीर जागेवर राहतं ते त्याच्या जोरावर. चांगलं जाड म्हशीचं कातडं, दोन सुयांचा दुहेरी टाका. तो पट्टा मी मरेपर्यंत टिकेल अशी माझी समजूत होती.

चैत्रात एका दुपारी एक गृहस्थ दुकानात आले. पांढरा सदरा, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. आंबवड्याच्या अलीकडच्या एका गावातले, सगळे त्यांना तात्या म्हणतात. मी चेहऱ्यानं ओळखत होते. त्यांनी पुडकं उलगडलं. आत माझा तंग, दोन तुकडे झालेला. मधल्या भागावर लाल मखमल शिवलेली होती, ती माझी नव्हती.

"हे तुमी शिवलंय?"

"कुठं मिळालं तुम्हाला?"

"आदी सांगा. तुमी शिवलंय का न्हाई?"

"पट्टा माझा आहे," मी म्हटलं, आणि एक तुकडा उचलला. त्यांनी त्याचं दुसरं टोक सोडलं नाही. मी एका बाजूनं बघत होते आणि ते दुसऱ्या बाजूनं धरून उभे होते.

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या मुलाचं, विशालचं लग्न. मारुतीच्या देवळाच्या चढावर पट्टा तुटला, खोगीर फिरलं आणि नवरदेव बँडवाल्यांच्या पायांत पडला. खांद्याचं हाड मोडलं. अक्षता पडल्या त्या हात गळ्यात बांधून. हे सांगताना त्यांचा आवाज खाली आला होता, तो पुढच्या वाक्याला वर चढला.

"कुनी कापलाय ह्यो?"

मखमल फाटली होती तिथून कातड्याची कड दिसत होती. ताणून तुटलेल्या कातड्याला लव सुटते, कड ओबडधोबड होते. ही कड सरळ होती. हत्यारानं कापलेली. मला ते दिसलं, आणि माझ्या तोंडाकडं बघणाऱ्या तात्यांना मला ते दिसल्याचं दिसलं.

"कापलाय ना? बोला की. म्हाईत हाय मला. आमच्या चुलतभावानं करवलंय. बांधावरनं कोर्टात चाललंय आमचं. त्यानं त्या घोडीवाल्याला फोडला." त्यांनी मोबाईल काढून माझ्यासमोर धरला. "ह्याच्यापुडं बोला. पट्टा कापलेला हाय, एवढंच."

"आज नाही बोलत. मला नीट बघावं लागेल."

"का? बाबूभाईशी तुमचं काय हाय?"

आता मीही त्यांच्या संशयाच्या यादीत गेले होते. मी म्हटलं, पट्टा ठेवून जा, दोन दिवसांनी सांगते. त्यांनी विचार केला. मग बक्कल असलेला तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून खिशात घातला आणि दुसरा माझ्यापुढं ठेवला. म्हणजे मी बदलला तर त्यांच्याकडं अर्धा पुरावा राहावा. जाताना पायरीवर थांबून म्हणाले, "घरात बायका म्हनत्यात, नव्या सुनंचा पायगुन. मला न्हाई पटत तसलं. पन तोंडं कुनाकुनाची धरनार?"

ते गेल्यावर मी शेजारच्या घड्याळवाल्यांना हाक मारून समोर बसवलं. मखमल उसवायची होती, आणि उद्या कुणी म्हणालं की मीच आत काही केलं तर बघणारं एक माणूस पाहिजे होतं. टाके कापले, मखमल बाजूला केली. आणि मी चक्रावले. माझा पट्टा मधोमध कापून त्यात वीतभर दुसरा तुकडा घातला होता. पुरुषांच्या कमरेच्या पट्ट्याचा, बाजारात टांगलेले मिळतात तसला. वर चामड्याचा रंग, आत पुठ्ठ्यासारखा लगदा. एका बाजूची शिवण धरून होती, दुसरीकडं टाक्यांनी तो लगदा फाडून वाट काढली होती.

कुणाला नवरदेवाला पाडायचंच असतं तर पट्टा कापून सोडून दिला असता. कापून, जोडून, वरून मखमल लावायची उठाठेव कोण करेल? पण सत्य सोयीचं दिसलं की मला त्याचाही संशय येतो. मला वाटलं, बाबूभाईंनी काही कारणानं पट्टा दुसऱ्या कुणाकडून करून घेतला आणि माझ्यापासून लपवला. माझं काम सोडून दुसऱ्याकडं गेले याचा राग मला खांदा मोडलेल्या पोराच्या काळजीपेक्षा आधी आला, हे खरं.

मग मी टाके पाहिले. नायलॉनचा दोरा, पोती शिवायचा. पण टाका चांभाराचा नव्हता. आम्ही दोन्ही बाजूंनी दोन सुया घालतो. हा एकाच सुईचा, खाली-वर खाली-वर जाणारा, अगदी सारख्या अंतराचा, आणि शेवटची गाठ आत दडवलेली. हा गोधडीचा टाका. तो बाईच्या हातचा होता.

दुसऱ्या दिवशी शिवऱ्याला निघाले. एस.टी.त शेजारी तात्यांच्याच गावची एक बाई निघाली. मी काही विचारलं नाही. घोडीचा विषय निघायला तसंही कुणी विचारावं लागत नव्हतं. ती सांगत होती की नवीन सुनेला, काजलला, देवापुढं दिवा लावू देत नाहीत. तिनं आणलेलं पाणी सासू ओतून देते आणि स्वतः नव्यानं भरते. माहेरी फोन लावला तर कुणीतरी जवळ उभं राहतं. "पोरगी गरीब हाय बिचारी," ती म्हणाली, आणि लगेच पुढं, "पन उंबऱ्यात पाय टाकायच्या आदीच नवऱ्याचं हाड मोडावं, म्हंजी काईतरी असंलच की." तिला स्वतःच्या दोन वाक्यांत काही वावगं वाटलं नाही.

बाबूभाई अंगणात बाजेवर बसले होते. मला बघून उठले नाहीत. एरवी ते गल्लीच्या तोंडापासून हाक मारणारे.

"या. तुमीच यायच्या ऱ्हायल्या व्हत्या," ते म्हणाले. "सकाळधरनं फोन चाललेत. कुनी पोलिसाचं नाव घेतंय, कुनी म्हनतंय तुमी लोक असलेच. तीस वर्सं ह्यांच्याच वराती काढल्या म्या. आता मी 'तुमी लोक' झालो."

मी अर्धा पट्टा पुढं केला. त्यांनी हात लांबवला, तो पट्ट्याच्या बाजूनं निघून गेला, मग परत येऊन त्यांनी चाचपून धरला. मी त्यांच्या डोळ्यांकडं पाहिलं. बुबुळावर दुधाळ साय आली होती.

"डोळ्याला काय झालंय?"

"काय न्हाई. ऊन हाय." मग ते एकदम माझ्यावर आले. "आक्का, खरं सांगू का? तुमचं कातडंच कच्चं निगालं. ताणत गेलं. हिनं मखमल लावली तवापासनं तर बक्कल चार भोकं फुडं जायला लागलं. मला वाटलं, आक्कानं ह्या बारीला गफलत केली. पन बोललो न्हाई तुमाला."

म्हणजे मी त्यांच्यावर संशय घेत आले होते आणि ते आठवडेच्या आठवडे माझ्यावर घेऊन बसले होते. कातडं ताणतं, पण एका हंगामात चार भोकं ताणत नाही. मी ते बोलणार, एवढ्यात दारात उभी असलेली त्यांची बायको शमाबी म्हणाली, "च्या ठिवते," आणि आत गेली. तिच्याकडं मी आजवर नीट बघितलंच नव्हतं. मखमल तिनं लावली होती. अंगणातल्या दोरीवर तिच्या हातच्या दोन गोधड्या वाळत होत्या.

मी म्हटलं, "जरा घोडीला बघून येते."

गोठ्यात चांदणी मान खाली घालून उभी होती. तिच्या पोटाखाली, तंग बसतो तिथं केस गेले होते आणि कातडी घासून लाल झाली होती. मी हात फिरवला. पोट दोन्ही बाजूंनी खाली उतरलं होतं. हरभरा खाऊन असं होत नाही. मागं पावलं वाजली. शमाबी होती, चहा नव्हता.

"कितवा?" मी विचारलं.

"सातवा सरला." ती घोडीच्या मानेला हात लावून उभी राहिली. "भादव्यात ह्यांनीच न्हेली व्हती फलटनच्या बाजूला, घोड्याकडं. शिंगरू व्हईल म्हून लई खुशीत व्हते. मग सीझन लागला. म्या म्हनलं, आता हिला काडू नका. म्हनले, एवडा सीझन जाऊ दे. हिचं पोट वाडत चाललं आन् ह्यांना डोळ्यानं दिसंना, पट्टा मागच्याच भोकाला वडायचे, पाय लावून वडायचे. ती कण्हायची. बाहीर बँड लागला की कुनाला ऐकू येनार?"

"मग तू कापलास."

"बाजारला गेले व्हते तवा. कोयत्यानं कापला, मदी ह्यांच्या कमरंचा पट्टा घातला. वरनं मखमल लावली, म्हंजी हाताला कळू नये. हे म्हनले, चांगली दिसती. म्या म्हनलं, चार बोटं ढिल पडंल, तेवडी तरी दम घेईल ती; तर ह्यांनी बक्कलच फुडं वडलं. पडंल कुनी, असं डोक्यात आलंच न्हाई." ती थांबली. "पोरगं पडलं त्या दिसापासनं म्या ह्यांच्याकडं नीट बगितलं न्हाई. ते तुमच्यावर रागवून बसले, म्या बसू दिलं."

मला तिचा राग यायला हवा होता. तिच्या त्या गप्प राहण्यात माझं नाव जात होतं. पण हात घोडीच्या घासलेल्या कातडीवर होता, आणि राग काही आला नाही. मी तिला एस.टी.त ऐकलेलं सांगितलं. ओतून दिलेलं पाणी, दिवा, फोन.

"कोन पोरगी?" तिनं विचारलं.

"नवरी. तिचा पायगुण म्हणतात."

शमाबीनं घोडीच्या मानेवरचा हात काढला. मग पदराला हात पुसून सरळ अंगणात गेली आणि बाबूभाईंच्या समोर उभी राहिली. सगळं सांगितलं, जसं मला सांगितलं तसंच, काही कमी नाही, रडली नाही. बाबूभाई ऐकत होते. हातातल्या अर्ध्या पट्ट्यावर त्यांचा अंगठा फिरत होता, आता तो जोड त्यांना सापडला.

"तुज्या हातानं?" एवढंच ते म्हणाले.

"व्हय."

"मला इचारायचं तरी."

"इचारलं व्हतं."

ते उठले, पट्टा माझ्या हातात दिला आणि गोठ्याकडं गेले. जाताना दाराच्या चौकटीला हात लावून अंदाज घेतला. ते घोडीपाशी काय करत होते ते मी बघितलं नाही. शमाबीनं चपला घातल्या आणि मला म्हणाली, "मला न्या तितं. ह्यांना नगं. ह्यांना बगून काट्या निगतील."

तात्यांच्या घरी पोहोचलो तेव्हा ओसरीवर तात्या, गळ्यात हात अडकवलेला विशाल आणि त्याची आई बसली होती. मला बघून तात्या सावरून बसले. शमाबीला बघून त्यांची भुवई वर गेली. काजल चहा घेऊन आली. अंगावर हळदीचा रंग अजून होता आणि पावलं अशी टाकत होती, जशी जमीन तिची नाहीच. घरच्यांना कपबश्या होत्या, आम्हा दोघींना कागदी कप. हल्ली कुणालाही कागदी कप देतात, तेव्हा खात्रीनं काही म्हणता येत नाही.

मी म्हटलं, "तात्या, तुमच्याकडचा तुकडा आणा." ते आत जाऊन घेऊन आले. मी माझा बाहेर काढला, दोन्ही जमिनीवर जोडून ठेवले, आणि मधला कमरेचा पट्टा दाखवला. "कापलाय हे खरं. पण तो का कापला, ते ही सांगेल."

शमाबीनं सांगितलं. इथं मात्र तिचा आवाज दोनदा अडकला. घोडीचं सांगून झाल्यावर तिनं बोट केलं ते तात्यांकडं नाही, विशालकडंही नाही, दारात रिकामा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या मुलीकडं. "हिचा पायगुन न्हाई. माजी सुई हाय. बोलायचं ती मला बोला."

विशालनं मान पुढं काढून तुकडे बघितले. मग तात्या म्हणाले, "तुमाला कुनी पाटवलं?"

"कुनी न्हाई."

"बांदावरच्यानं पाटवलं असंल. आळ आपल्यावर घ्यायचा न् त्याला मोकळा सोडायचा."

"तात्या," मी म्हटलं, "तुमच्या चुलतभावाला गोधडी शिवता येते का?"

विशालला हसू आलं आणि खांदा दुखला म्हणून लगेच गेलं. तो म्हणाला, "म्हंजी म्या गाबन घोडीवर बसलो व्हतो? तरीच चडावर थांबत व्हती सारकी. म्या टाच मारली तिला." आणि तो मान खाली घालून स्वतःच्या पायाकडं बघत राहिला.

त्याच्या आईनं इतका वेळ तोंड उघडलं नव्हतं. तिनं शमाबीला विचारलं, "कितवा म्हयना हाय?"

"आटवा लागला."

"आन् बँडफुडं नाचवली तिला?" हे तिनं नक्की कुणाला विचारलं ते कळलं नाही. थोडा वेळ ती पट्ट्याच्या तुकड्यांकडं बघत बसली. मग दाराकडं न बघता म्हणाली, "काजल, बस हितं. तुजा च्या कुटं हाय?"

माफी तिनं मागितली नाही. मागेल असं मला वाटलंही नव्हतं. पण मुलगी येऊन सासूच्या शेजारी बसली, आणि सासूनं स्वतःची बशी तिच्यापुढं सरकवली. निघताना शमाबीनं विशालच्या खांद्याला हात न लावता नुसता जवळ नेला आणि म्हणाली, "पोरा, दुखतंय का?" तो म्हणाला, "रात्रीचं." तिनं हात मागं घेतला.

पोलिसात तक्रार झाली नाही. तात्यांनी ती गोष्ट तिथंच सोडली, पण विश्वास ठेवला असं म्हणता येणार नाही. अजून ते बाजारात भेटले की विचारतात, "आक्का, खरं सांगा आता, बांदावरच्याचा हात व्हता ना त्यात?" मी नाही म्हणते. ते मान हलवतात, जशी मी गिऱ्हाइकापुढं हलवते तशी.

मला रुखरुख लागली ती शिवऱ्याच्या घराची. बाबूभाईंनी त्या हंगामातल्या उरलेल्या सगळ्या सुपाऱ्या परत केल्या. चांदणीला बाहेर काढलं नाही. पण पावसाळा निम्मा होईतो ते बायकोशी कामापुरतंच बोलत होते, असं कळलं. मी गेले नसते तर हे झालं नसतं, आणि मी गेले नसते तर ती मुलगी त्या घरात तशीच राहिली असती. दोन्ही बाजूंनी विचार करून मी दमले. श्रावणात शिंगरू झालं, मादी, आईसारखी पांढरी नाही, तांबूस. विशाल आणि काजल मोटरसायकलवर बघायला आले होते. ते बाबूभाईंनीच मला फोनवर सांगितलं, आणि मग बराच वेळ शिंगराच्या पायांविषयी बोलत राहिले. गणपतीनंतर त्यांनी डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं.

दिवाळी झाली तरी साजाचं पोतं आलं नाही. मी धरून चालले की आता नायलॉनचा पट्टा घेतला असेल. तो बाजारात तयार मिळतो, त्याला तेल लागत नाही, माझीही गरज लागत नाही. तुळशीचं लग्न तोंडावर आलं आणि फोन आला. "आक्का, तंग नवा करायचाय. कातड्याचाच. जुन्या मापाचा करा."

मी म्हटलं, "जुन्या मापाचा करणार नाही. घोडीवर माप घेईन."

"म्हंजी माज्यावर इस्वास न्हाई?"

"नाही."

तिकडं ते खाकरले. मग म्हणाले, "माजाबी तुमच्यावर न्हाई. या."

मी टेप घेऊन गेले. शमाबी चांदणीच्या तोंडाशी उभी होती, शिंगरू तिच्या ओच्यात तोंड खुपसत होतं. पोटाखालची कातडी भरून आली होती, केस नवे, थोडे काळसर. मी घोडीच्या पोटाखालून टेप घेतली, तिला दम सोडू दिला, माप बघितलं. बाबूभाई नव्या डोळ्यांनी माझ्या बोटांकडं बघत होते. मी आकडा सांगितल्यावर त्यांनी माझ्या हातातून टेप घेतली आणि स्वतः पुन्हा मोजलं. आकडा तोच आला. टेप त्यांनी परत दिली नाही. शमाबीनं लगाम नवऱ्याच्या हातात दिला, टेप काढून घेतली, खाली वाकली आणि तिसऱ्यांदा मोजलं.

तिचं माप आमच्या दोघांपेक्षा दोन बोटं जास्त आलं. तंग मी तिच्याच मापानं शिवला.